फेट्याचा तुरा

नागपुरात धरमपेठेतला कॉफी हाऊस चौक म्हटलं की ऑटोवाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही. ते नाव कानावर पडलं की माझ्या डोळ्यांपुढे एक फेटा येतो.

इंडियन कॉफी हाऊसचा वेटर आठवून पाहा. पांढरा पोशाख, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर पंख्यासारखा ताठ तुरा काढलेला फेटा. इंग्रजी अमदानीतल्या चाकरीची आठवण देणारा हा वेश. मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं, त्या जगातला. पुढे पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डानं आपली ही कॉफीगृहं बंद करायला घेतली आणि तिथल्या कामगारांच्या पोटावर पाय आला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी उभे राहिले: सहकारी संस्था काढा, कॉफी हाऊस तुम्हीच चालवा. १९५७ मध्ये बंगळुरूत पहिली संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी दिल्लीत कामगारांचं कॉफी हाऊस सुरू झालं.

मला सगळ्यात भावतं ते यापुढचं. हाती मालकी आल्यावर चाकरीचा वेश आधी उतरवावा, असं कुणालाही वाटेल. यांनी तो जपला. तुरा तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. सहकारात प्रत्येक सभासदाला एकच मत. म्हणून ट्रे धरणारा सभासद आणि गल्ल्यावरचा सभासद सर्वसाधारण सभेत एका पातळीवर बसतात. पाटीवरचा बदलही असाच बारीक आहे. ‘इंडिया’चं ‘इंडियन’ झालं: देशाचं नाव होतं, तिथे माणसं आली.

यंत्रांच्या कारखान्यातही महाराष्ट्रानं हे धाडस पाहिलं आहे. कुर्ल्याची बंद पडलेली कमानी ट्यूब्ज १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनं कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. धातूच्या नळ्या घडवणारे हातच मालक झाले. तो प्रयोग पुढे टिकला नाही, म्हणून कॉफी हाऊसची चिकाटी मला अधिकच मोलाची वाटते. मालकी एका दिवसात मिळते. ती रोज सकाळी कपबश्या विसळून, दूध तापवून, हिशेब जुळवून राखावी लागते.

आता वेटर टेबलावर कॉफी ठेवायला वाकतो, तेव्हा तुरा क्षणभर खाली येतो आणि पुन्हा ताठ होतो. ते वाकणं मला यजमानाचं वाटतं.