राजकोषीय उत्तरदायित्व कायदा : एक चिकित्सा

केंद्र शासनाने २००३ मध्ये केलेल्या राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियमाचे समर्थक त्यास शिस्तीचा लगाम मानतात, तर डाव्या विचारांचे अभ्यासक त्यात कल्याणकारी खर्चावरील घाला पाहतात. कायदा पाळला जातो, हे दोघांनीही गृहीत धरलेले दिसते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नेमका येथेच आहे.

मूळ अधिनियमानुसार महसुली तूट ३१ मार्च २००८ पर्यंत संपुष्टात यावयाची होती. ही मुदत २००४ मध्ये वर्षभराने वाढली. २००८ च्या जागतिक मंदीत उद्दिष्टच बाजूस पडले. मंदीत खर्च वाढविणे समर्थनीय होते. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने 'प्रभावी महसुली तूट' ही संकल्पना आणून भांडवली मत्तांसाठी दिलेली अनुदाने हिशेबातून वजा केली. या अनुदानांतून राज्यांत रस्ते, तलाव उभे राहतात हे खरे. तथापि त्या मत्ता केंद्राच्या मालकीच्या नसतात आणि त्यासाठी काढलेले कर्ज मात्र केंद्राचेच असते. पुढे २०१८ मध्ये महसुली तुटीचे लक्ष्यच वगळण्यात आले.

याहून गंभीर बाब अन्न अनुदानाची. भारतीय अन्न महामंडळाची देणी काही वर्षे राष्ट्रीय अल्पबचत निधीच्या कर्जातून भागविली गेली, म्हणजे तुटीच्या आकड्याबाहेर राहिली. हा व्यवहार २०२१ च्या अर्थसंकल्पात उघडपणे हिशेबात आला. तुटीचे आकडे तपासण्यासाठी स्वतंत्र राजकोषीय परिषद असावी, अशी शिफारस एन. के. सिंह समितीने २०१७ मध्येच केली होती. ती परिषद अद्याप अस्तित्वात आलेली नाही.