बॉडी कोणी बांधली?

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दीतले सगळे मोबाइल एकाच दिशेने वळतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत राजघराण्याचे नाव असते, जर्मन कंपनीचेही असते. बॉडी कोणी बांधली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. मेबॅक कंपनी इंजिन आणि चॅसी बनवी. वरची बॉडी बांधायचे काम स्वतंत्र कारखान्यांचे असे, आणि त्यातले सर्वाधिक रॅव्हेन्सबर्गच्या श्पोनकडे जाई. ज्या वळणांसाठी आपण अशा गाडीसमोर थांबतो ती घडवणारा माणूस आपल्या कौतुकातून वगळलेला असतो. बॉडी बांधण्याच्या कलेची आजची अवस्था मला तिथपासूनच बिघडलेली दिसते.

आपल्याकडे ट्रकच्या बाबतीत ही रीत कालपरवापर्यंत सर्रास होती. कारखान्यातून नुसती चॅसी निघायची आणि बॉडी बांधणाऱ्याच्या दारात उभी राहायची. दुसऱ्या महायुद्धाआधी युरोप-अमेरिकेतल्या उंची मोटारी अशाच तयार होत. रोल्स-रॉइसची चॅसी घ्यायची आणि मग हूपरकडे जायचे, बार्करकडे जायचे की पार्क वॉर्डकडे, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. यातली बार्कर आणि हूपर ही घराणी घोड्यांच्या बग्ग्या बांधत मोटारीकडे आली होती. पॅरिसचा साऊचिक तर मूळचा फर्निचर घडवणारा कारागीर.

कामाची पद्धत समजून घेतल्याशिवाय या गाड्यांची किंमत कळत नाही. आधी ॲश लाकडाचा सांगाडा उभा राही. हे लाकूड लवचीक असते आणि त्यात स्क्रू पक्का बसतो. मग ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून फुगवायचा आणि दोन चाकांच्या यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरवून गुळगुळीत करायचा. एकेक मडगार्ड अनेक तुकड्यांचे असे. गॅसने जोडून सांधा कानशीने असा घासायचा की तो कुठे होता हे सांगता येऊ नये. अशा गाडीच्या दाराचे आतले अस्तर काढून पत्र्यावर हात फिरवला तर ठोक्यांचे बारीक खळगे बोटांना लागतात. बाहेरून त्याच पत्र्यावर एकही उंचवटा सापडत नाही.

या कलेचा कळस पाहायचा तर मी इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची ड्यूझेनबर्ग एसजे निवडेन. याच होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. ब्रांकुशीची शिल्पे घेणारी त्यांची नजर मोटारींतही तितकीच चोखंदळ होती. अमेरिकेत तयार झालेली चॅसी त्यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडे गेली आणि 1930 च्या दशकाच्या मध्यात तिच्यावर बॉडी चढली. सुमारे 6.9 लिटरचे, सुपरचार्जर बसवलेले आठ सिलिंडरचे इंजिन, लांबच लांब बॉनेट, मागे निमुळता उतार आणि एवढ्या पसाऱ्यात जागा फक्त दोघांची. रंग केशरी आणि काळा. आज ही गाडी अमेरिकेत आहे. अवजड वस्तू हलकी दिसावी ही कोचबिल्डरची, म्हणजे बॉडी बांधणाऱ्याची, सर्वांत अवघड परीक्षा, आणि त्या काळातल्या फार थोड्या गाड्या ती इतक्या सहज उत्तीर्ण होतात.

तिची रेखाटने करणारा ए. एफ. मॅकनील. 1930 सालच्या ‘ब्लू ट्रेन’ बेंटलीचे बुटके छतही गर्नी नटिंगमध्ये त्याच्याच हातून उतरले. त्याच्या हाताखाली जॉन ब्लॅचली शिकला आणि पुढे रोल्स-रॉइसमध्ये गेला. 1965 ची सिल्व्हर शॅडो ब्लॅचलीची. त्या गाडीला वेगळी चॅसीच नव्हती. तळ, खांब आणि छत मिळून एकच कवच. बॉडी चढवायला चॅसी नाही म्हटल्यावर कोचबिल्डरने काय करायचे? त्याआधीच, 1959 मध्ये, हूपरने मोटारींच्या बॉडी बांधणे बंद केले होते. रोल्स-रॉइसची फँटम सिक्स ही चॅसीवर बॉडी चढवलेली मोठी गाडी मोजक्या संख्येने आणखी काही वर्षे बनत राहिली, एवढेच.

आता पुन्हा ‘कोचबिल्ड’ हा शब्द ऐकू येतो. रोल्स-रॉइसने 2021 मध्ये बोट टेल आणली, तशा तीनच गाड्या बांधायचे ठरले. त्यातली हातांची कारागिरी अस्सल आहे, तिला मान दिलाच पाहिजे. तरीही ही त्या जुन्या कलेची पुढची पायरी नाही. तेव्हा एकाच चॅसीवर चार कारखाने चार स्वभावांच्या बॉडी बांधत आणि लंडन-पॅरिसच्या प्रदर्शनांत शेजारी शेजारी उभ्या करत. त्या चढाओढीतून रेषा धारदार होत गेली. आज चॅसी, बॉडी आणि गिऱ्हाईक एकाच फाटकाच्या आत आहेत, आणि गाडीपेक्षा तिच्या किमतीची बातमी मोठी होते.

आपल्याकडे हा वारसा टिकवला तो गॅरेजवाल्यांनी. संस्थाने विलीन झाली, 1971 मध्ये तनखे गेले, गाड्या विकल्या गेल्या, कित्येक गोठ्यांत आणि शेडमध्ये सडल्या. पावसाळ्याच्या दमटपणात लाकडी सांगाड्याचे सांधे आधी कुजतात, मग दारे खाली लोंबतात. आपल्या सुतारांनी तिथे साग बसवला. डेंटरनी नकाशा नसताना, उरलेल्या एका मडगार्डावरून दुसरे उलटे करून घडवले. हे काम कोचबिल्डरच्या तोडीचे आहे आणि ते करणारेही तसेच निनावी राहिले.

पण दुरुस्तीतही आपली अभिरुची घसरली आहे, हे म्हटले पाहिजे. लांबी भरून सपाट केलेला पत्रा, त्यावर आरशासारखा आजचा रंग, हवी तशी नवी चामडी बैठक. जुन्या गाड्यांच्या रॅलीत टाळ्या अशाच गाडीला मिळतात. मूळ रंग, विरलेले चामडे, जुनी हातोडीची खूण यांची किंमत परीक्षकांनी करायला हवी. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात 2024 चे सर्वोच्च पारितोषिक 1934 च्या बुगाटी टाइप 59 ला मिळाले, ते नव्याने चकचकीत केलेली म्हणून नव्हे, जशीच्या तशी जपलेली म्हणून. आपल्या आयोजकांनी तिकडे पाहावे.

सरकारचा 2021 चा नियमही इथे अपुरा पडतो. 50 वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो, ही चांगली सोय. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पण कोचबिल्ट गाडीच्या आयुष्यात बॉडी बदलणे हे नेहमीचेच होते. एकाच चॅसीसाठी हिवाळ्याला बंद आणि उन्हाळ्याला उघडी अशा दोन बॉडी ठेवणारे मालक होते. 1938 मध्ये नामांकित कारखान्याने चढवलेली दुसरी बॉडी आणि गेल्या वर्षी फायबरची बसवलेली बॉडी एका मापाने मोजता येत नाहीत. फरक करतात ते कागद.

ते कागद मिळतात. रोल्स-रॉइस आणि तिनेच बनवलेल्या बेंटली गाड्यांच्या चॅसी-नोंदी इंग्लंडमधल्या हंट हाऊसच्या संग्रहात आहेत, आणि त्यात बॉडी कोणाकडे गेली तेही लिहिलेले असते. ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी उभी आहे त्यांनी चॅसी क्रमांक उतरवून तिथे पत्र लिहावे. आणि मुंबई, पुणे, कोल्हापुरात रॅली भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: गाडीसमोरच्या पाटीवर कंपनी आणि मालकाच्या खाली आणखी दोन ओळी घाला. बॉडी बांधणारा कारखाना, आणि ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे नाव.