वाचकाचे वय आणि ग्रंथाचे शरीर

वाचकाला केंद्रस्थानी आणणाऱ्या समीक्षेने वाचकाच्या शरीराचा विचार मात्र फारसा केला नाही. वोल्फगांग इझर याने १९७२ मध्ये मांडलेल्या ‘गर्भित वाचका’ला वय नसते, डोळेही नसतात. परिणामी छापील पुस्तक की ई-पुस्तक हा प्रश्न केवळ पिढीभेदाचा मानला जातो : तरुण पडद्याकडे, वृद्ध कागदाकडे. ही मांडणी कितपत टिकते, हे पोलादपूर-महाड परिसराशी निगडित ग्रंथव्यवहाराच्या आधारे तपासता येते.

पोलादपूर येथे कवींद्र परमानंदाची समाधी आहे. त्याच्या संस्कृत ‘शिवभारता’तील कथन काशीच्या पंडितांसमोर होते, म्हणजे संहितेच्या आतला ग्राहक श्रोता आहे. पोथीरूपात राहिलेले हे काव्य स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. या स्थित्यंतरात पान बदलले, परंतु अध्याय-श्लोकांची व्यवस्था टिकली. बत्तिसाव्या अध्यायातील नऊ श्लोकांनंतर काव्य थांबते, हे कोणत्याही माध्यमात तसेच सांगता येते. पृष्ठांक मात्र मुद्रित प्रतीपुरताच खरा असतो. या अर्थाने ई-पुस्तक मुद्रणापेक्षा पोथीपरंपरेला अधिक जवळचे आहे.

वयाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. साधारणतः चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता घटते; मराठीने तर चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले. अक्षर हवे तेवढे वाढवून ओळी नव्याने मांडणारे ई-पुस्तक वस्तुतः वृद्ध वाचकाच्याच सोयीचे. परंतु जुने मराठी ग्रंथ पडद्यावर येतात ते बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते, श्लोकाचा चरण तुटतो. अशा वेळी वृद्ध वाचक नाकारतो तो पडदा नव्हे, तर सदोष स्थलांतर. दुसरीकडे, वर्षानुवर्षे पुन्हा वाचलेल्या ग्रंथातील मजकूर पानावरील जागेसह स्मरणात राहतो. ओळी हलल्या की ही स्मरणखूण हरवते. संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तिची गरज नसते. तेव्हा निर्णायक ठरतो तो वयापेक्षा वाचनाचा हेतू : शोध की पुनर्वाचन. वयाबरोबर पालटते ते या दोहोंचे प्रमाण.

तथापि ग्रंथाचे शरीर केवळ सोयीची बाब नाही. ‘शिवभारत’ छापले गेले त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. नकार संहितेच्या अधिकाराला होता. तो सर्वांसमक्ष व्यक्त होऊ शकला, कारण त्या अधिकाराला हाती धरता येईल असे शरीर होते. फाइल पुसून टाकण्याला ही सार्वजनिकता येत नाही. त्याच महाडात जुलै २०२१ च्या महापुराने घरेदारे पाण्याखाली गेली. अशा पाण्यात कागदी संग्रह टिकत नाही. ज्या शरीरामुळे ग्रंथ सामाजिक कृतीचा विषय होतो, तेच त्याला नश्वरही करते.

म्हणून मराठी वाचनव्यवहाराच्या समीक्षेने माध्यमांची श्रेणी लावण्यापेक्षा स्थलांतराची गुणवत्ता तपासणे अधिक अगत्याचे आहे. संहिता पडद्यावर आली, एवढ्याने ती वाचनीय होत नाही; ती कोणत्या वयाच्या, कोणत्या हेतूने आलेल्या वाचकाला वाचता येते, हा प्रश्न सिद्धांताच्या कक्षेत यायला हवा.