सांतोस-द्युमाँ यांचें आत्मवृत्त

आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांचा जन्म ब्राझीलमधील, कर्मभूमि पॅरिस. वायुनौकांच्या उभारणीची हकीकत सांगणारें त्यांचें ‘माय एअरशिप्स’ हें पुस्तक १९०४ सालीं प्रसिद्ध झालें. यशस्वी पुरुषांच्या आत्मवृत्तांत अपयशाला सहसा जागा मिळत नाहीं. येथें मात्र तेंच ग्रंथाचें खरें बळ आहे.

१८९८ सालीं पहिली नौका उतरत असतां हवेचा पंप अपुरा पडून लांबट फुगा मधोमध दुमडला. तेव्हां पतंग उडविणाऱ्या मुलांना दोर धरून वाऱ्याविरुद्ध धांवावयास सांगून ग्रंथकारांनीं प्राण वांचविले. १९०१ च्या ऑगस्टांत पांचवी नौका एका इमारतीवर आदळून फुटली. ऑक्टोबरांत सहावीनें सँ-क्लूहून निघून आयफेल मनोऱ्यास प्रदक्षिणा घातली. हें सारें ते फुशारकीवांचून सांगतात.

हायड्रोजनच्या फुग्याखालीं पेट्रोलचें इंजिन चालविण्याचा धोका ते बारकाईनें तोलतात. पण युद्धाचा विषय निघतांच ही सावध दृष्टि हरपते. पाणबुडी वरून हेरून तिचा नाश करतां येईल, याचा त्यांस आनंदच वाटतो. त्या आनंदावर भयाची छाया दिसत नाहीं.

पुढें १९२६ सालीं त्यांनींच हवाई युद्धास बंदी घालावी म्हणून राष्ट्रसंघास विनविलें. १९३२ सालीं, ब्राझीलमध्यें यादवी चालू असतां, स्वहस्तें जीवन संपविलें. अपयशाचा इतका प्रामाणिक हिशेब देणाऱ्या या ग्रंथांत यशाचा हिशेब मात्र अपुरा राहिला आहे.