पात्रतेची मोजपट्टी कोण तपासणार?

दुसरीतल्या एका मुलाच्या वहीतली ही चार उदाहरणे पाहा. 52 वजा 37 बरोबर 25. 63 वजा 28 बरोबर 45. 74 वजा 31 बरोबर 43. 81 वजा 46 बरोबर 45. तिसरे तेवढे बरोबर आहे, बाकीची तीन चुकली आहेत. काही वर्षांपूर्वी प्राथमिक शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही ही उदाहरणे फळ्यावर लिहिली आणि विचारले, या मुलासाठी तुम्ही काय कराल?

गणितात एम.एस्सी. आणि नंतर बी.एड. झालेले एक शिक्षक लगेच म्हणाले, "मुलगा धांदरट आहे. सराव कमी पडतोय. अशी वीस उदाहरणं घालायला हवीत." मागच्या ओळीत बसलेल्या एका बाईंनी बारावीनंतर डी.एड. केले होते. त्या म्हणाल्या, "सर, तो धांदरट नाही. तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. वीस उदाहरणं दिली तर वीसही अशीच करील." मग काय करायचे? "पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात देईन आणि त्यातल्या सदतीस मागेन. सात सुट्या द्यायच्या तर गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्याचं त्याला कळेल."

या दोघांपैकी पहिली ते पाचवीच्या वर्गावर नेमणूक मिळण्यास पात्र कोण? हा प्रश्न गेली काही वर्षे देशातल्या न्यायालयांत लढवला जात आहे. हजारो तरुणांच्या नोकऱ्या त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत, म्हणून हकिगत थोडी तपशिलाने सांगतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 23 नुसार शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. परिषदेने 23 ऑगस्ट 2010 रोजी ती जाहीर केली. पहिली ते पाचवीसाठी बारावी, दोन वर्षांची शिक्षणशास्त्र पदविका, म्हणजे आपल्या ओळखीचे डी.एड., आणि शिक्षक पात्रता परीक्षा. बी.एड. झालेल्यांना केवळ 1 जानेवारी 2012 पर्यंत सवलत होती आणि त्यांनी नेमणुकीनंतर सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण घ्यायचे होते. बंद झालेले हे दार परिषदेने 28 जून 2018 रोजी पुन्हा उघडले. बी.एड. उमेदवारही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरले. अट एकच, की नेमणुकीपासून दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा. गंमत अशी की अट 2018 ची आणि त्या अभ्यासक्रमाची चौकट जाहीर झाली 2025 साली! म्हणजे उमेदवाराने पूल ओलांडायचा होता, पण पूल बांधलेला नव्हता.

राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये ही अधिसूचना रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी तो निर्णय कायम केला. बी.एड.चे प्रशिक्षण माध्यमिक वर्गांसाठी आहे, लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि हक्काच्या शिक्षणात गुणवत्ताही येते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्या तारखेपूर्वी रीतसर नेमलेल्यांना एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने काही अटींवर संरक्षण दिले.

न्यायालयाचे मुख्य म्हणणे आम्हांला मान्य आहे. पदवी मोठी म्हणून ती धाकट्या वर्गाला आपोआप चालेल, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. हृदयरोगतज्ज्ञाने दाढ काढावी असे कोणी म्हणत नाही, पण पहिलीचा वर्ग 'कोणालाही जमतो' असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. बी.एड. विरुद्ध डी.एड. या वादात डी.एड.च्या बाजूने निकाल लागला याने त्या समजाला धक्का बसला असेल, तर चांगलेच झाले.

आमची तक्रार पुढची आहे. डी.एड.च्या प्रमाणपत्रामागे ते 'वेगळे शास्त्र' खरोखर आहे का? प्रयोगशाळेत तापमापी आणली की ती आधी वितळत्या बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात धरून पाहतो. ती बरोबर दाखवते असे गृहीत धरून कोणी प्रयोग सुरू करीत नाही. शिक्षकाच्या पात्रतेच्या बाबतीत मात्र दोन तापमाप्यांपैकी कोणती वापरायची यावर इतकी वर्षे वाद झाला, आणि त्या वर्गाच्या पाण्यात बुडवून पाहण्याचा विषय कोणी काढला नाही.

त्याच शिबिरात दुपारी आम्ही दुसरा प्रश्न विचारला. पावणेदोन भागिले अर्धा. साडेतीन हे उत्तर बहुतेकांनी काढले. अर्धा उलटा करून गुणायचे. पण उलटा का करायचा? एम.एस्सी. झालेले शिक्षक म्हणाले, "नियमच आहे." सकाळच्या बाईही म्हणाल्या, "नियम आहे, सर." पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे तुकडे कापले तर एका मीटरमागे दोन तुकडे निघतात, म्हणून पावणेदोनाची दुप्पट करायची, हे त्या खोलीतल्या कोणालाही सुचले नाही. कापड मात्र सगळ्यांनी विकत घेतलेले होते. एका शिबिरावरून निष्कर्ष काढू नये हे आम्हांला कळते. पण याच उदाहरणाचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे, तो पाहू.

लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतील 23 आणि चीनमधील 72 प्राथमिक शिक्षकांना वजाबाकी आणि हाच भागाकार यांसह काही प्रश्न विचारले. त्यांचे पुस्तक 1999 साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील शिक्षक पदवीधर होते. चीनमधील शिक्षक नऊ वर्षांची शाळा आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांचे अध्यापक विद्यालय एवढेच शिकलेले. भागाकाराचे पूर्ण बरोबर उत्तर अमेरिकेतील अवघ्या नऊ जणांना काढता आले, चीनमधील सर्वच्या सर्व 72 जणांना आले. कोणत्या व्यावहारिक प्रसंगात हा भागाकार करावा लागेल हेही त्यांतील बहुसंख्य शिक्षक सांगू शकले. कागदावरची पात्रता ज्यांची कमी, त्यांची समज अधिक खोल होती. मा यांनी त्याची जी कारणे दिली त्यांत पदवीचे नाव नाही. चिनी शिक्षक पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करीत, एकाच शाळेतील शिक्षक एकत्र बसून धडा कसा घ्यावा यावर नियमित बोलत आणि वर्षानुवर्षे तोच विषय शिकवताना त्यांची समज वाढत जाई.

आपल्याकडे या ज्ञानाला नाव आहे. 'आशययुक्त अध्यापन पद्धती' हा विषय आपले वाचक शिक्षक कधी ना कधी शिकलेले आहेत. मुलगा कोठे चुकेल, का चुकेल आणि कोणते उदाहरण दिले असता त्याची चूक त्याला दिसेल, हे त्याचे मर्म. पण किती अध्यापक विद्यालयांत तो चुकलेल्या वह्या समोर ठेवून शिकवला जातो आणि किती ठिकाणी टाचणाचे रकाने भरून संपतो, हे वाचकांनी आपल्याच आठवणीवरून ठरवावे.

पात्रता परीक्षा ही उणीव भरून काढते का? दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे, 60 टक्क्यांना उत्तीर्ण. पहिल्या पेपरात गणिताचे 30 प्रश्न. 52 वजा 37 बरोबर 15 हे उमेदवाराला येते का, हे त्यातून कळते. 25 हे उत्तर कोठून आले हे त्याला दिसते का, हा प्रश्न निराळा आहे. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत तसे विचारता येत नाही असे मुळीच नाही. वरची चार उदाहरणे देऊन 'हा मुलगा 90 वजा 54 चे उत्तर काय लिहील?' असे विचारले तरी पुरे. (तो 44 लिहील.) आम्ही परीक्षेच्या विरुद्ध नाही. पण 60 टक्के ही रेषा 55 किंवा 70 ला का नाही, तिच्या वरचे आणि खालचे शिक्षक वर्गात खरोखर वेगळे शिकवतात का, याचा पडताळा न घेता ती जोवर ओढली जाते, तोवर ती मोजणी नव्हे, चाळणी आहे.

आणि या चाळणीतून आता जुन्या शिक्षकांनाही जायचे आहे. महाराष्ट्रातूनही गेलेल्या अपिलांवर 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक आहे, त्यांना ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. वीस-पंचवीस वर्षे पहिली-दुसरीला शिकवलेल्या बाईंची पात्रता त्यांच्या मुलांच्या वह्यांत दिसेल की दीडशे गोलांत? आपल्या राज्यात 2000 सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. नव्या शिक्षकाने तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काम करायचे. या तीन वर्षांत कोणी जाणकाराने त्याच्या वर्गात बसून पाहिले असते, तर पात्रतेचे खरे मापन तिथे झाले असते. वाचले ते फक्त वेतन.

कागदावर मोजायचे ठरवले की काय होते, याचे एक उदाहरण छत्तीसगडमध्ये घडले. तेथील अडीच हजारांहून अधिक बी.एड. सहायक शिक्षकांना न्यायालयाच्या आदेशांनंतर 2025 च्या आरंभी नोकरी गमवावी लागली. त्यांनी आंदोलन केले. जाहिरात सरकारची, निवड सरकारची, त्यांची चूक कोणती? त्यांना वाऱ्यावर सोडू नये हे योग्यच. पण एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांना सामावून घेतले ते सहायक शिक्षक, विज्ञान (प्रयोगशाळा) या पदांवर! ज्यांच्याकडे बारावीचे विज्ञान वा गणित नव्हते, त्यांना ते पूर्ण करण्यासाठी तीन वर्षे दिली गेली. प्राथमिकला अपात्र, म्हणून प्रयोगशाळेत पात्र. विज्ञानाच्या माणसांनी यावर रागवावे की हसावे हे आम्हांला ठरवता आलेले नाही.

आमची वाचक शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या वर्गातल्या वह्यांतून, गणिताची असो वा परिसर अभ्यासाची, एकच चूक निवडून आम्हांला कळवावी. मुलाने काय लिहिले, त्याने तसे का लिहिले असावे आणि दुसऱ्या दिवशी आपण काय केले, एवढे पुरे. जे केले ते फसले असेल तर तेही लिहावे. अशा शंभर-दोनशे चुका जमल्या तर त्यांतून प्रश्नसंच करून तो अध्यापक विद्यालयांना देण्याचा आमचा विचार आहे. पत्रात मुलाचे नाव नको, इयत्ता मात्र अवश्य लिहावी. स्वतःची पदवी लिहिण्याची गरज नाही.