सुखदायक राज्यप्रकरणी निबंध
विष्णुबावा ब्रह्मचारी (विष्णु भिकाजी गोखले, १८२५–७१) यांचा आदर्श समाजव्यवस्थेवरील मराठी निबंध (१८६७). सर्व प्रजा हे एक कुटुंब व राजा हा त्याचा कर्ता, ही यातील मूळ कल्पना. जमीन समाईक असावी, धान्य गावच्या कोठारात साठवावे, ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे व मुलांचे संगोपन राजाने करावे, अशी योजना तीत आहे. फ्रेंच स्वप्नाळू समाजवादी शार्ल फूर्ये (१७७२–१८३७) याच्या सहजीवी वसाहतींशी तिचे साम्य दिसते. तथापि फूर्येने खाजगी मालमत्ता कायम ठेवून उत्पन्नाची वाटणी श्रम, भांडवल व बुद्धिकौशल्य यांत केली. विष्णुबावांनी मालमत्ताच समाईक केली. त्यांची प्रेरणा यूरोपीय अर्थशास्त्रापेक्षा वेदान्तातील अभेदाची होती.

फूर्ये धनिक आश्रयदात्याची वाट पाहत राहिला, तर विष्णुबावांनी राजावर भरवसा ठेवला. सत्ता वा संपत्ती ज्याच्या हाती, तोच ती सर्वांच्या सुखासाठी वापरील, हे दोघांचेही गृहीत दुबळे ठरते. असे असले, तरी भूक हा दानधर्माचा नव्हे, तर राज्यव्यवस्थेचा प्रश्न आहे, हे एकोणिसाव्या शतकातील मराठीत निःसंदिग्धपणे मांडल्यामुळे हा निबंध महत्त्वाचा ठरतो.