लहान सॉफ्टवेअर प्रकल्प आणि एम्बेडेड ऑब्जेक्ट डेटाबेस : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

आजच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत माहिती ऑब्जेक्टच्या रूपाने हाताळली जाते. रिलेशनल डेटाबेसमध्ये मात्र ती टेबलांच्या ओळी आणि स्तंभांत साठवली जाते. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याचा खटाटोप प्रोग्रामरला करावा लागतो. एकदोन व्यक्तींनी उभारलेल्या लहान प्रकल्पात हा भार विशेष जाणवतो. स्वतंत्र सर्व्हरशिवाय, प्रोग्रामचाच एक भाग म्हणून चालणारा आणि ऑब्जेक्ट जसेच्या तसे साठवणारा एम्बेडेड ऑब्जेक्ट डेटाबेस हा त्यावरील उपाय मानला गेला. प्रस्तुत लेखात 'डीबीफोरओ' या डेटाबेसच्या आधारे अशा निवडीच्या निकषांचा विचार केला आहे.

सुलभतेचे स्वरूप

डीबीफोरओ हा जावा आणि डॉट नेट यांसाठी तयार झालेला, मुक्त तसेच व्यावसायिक अशा दुहेरी परवान्याने उपलब्ध असलेला डेटाबेस होता. टेबलांची रचना आधी न ठरवता एका आज्ञेने ऑब्जेक्ट साठवता येणे, हे त्याचे खरे बलस्थान होते. शोधाची अटही प्रोग्रामच्याच भाषेत लिहिता येत असे.

तथापि ही सुलभता निरपवाद नव्हती. शोधातून मिळालेल्या ऑब्जेक्टचे परस्परसंबंध मूळ मांडणीनुसार पाच पातळ्यांपर्यंतच स्मृतीत आणले जात. त्यापलीकडील घटक रिकामे दिसत. ग्रंथालयाच्या प्रोग्राममध्ये देवघेवीच्या नोंदीतून सभासदाचा पत्ता बदलून केवळ ती नोंद पुन्हा साठवली, तर सभासदाच्या ऑब्जेक्टमधील बदल आपोआप साठवला जात नसे. म्हणजे भाषांतराचे श्रम वाचले, तरी ऑब्जेक्टच्या जाळ्याची खोली सांभाळण्याचे श्रम नव्याने आले. ते सहज नजरेस येत नसल्याने अधिक धोक्याचे ठरत.

आयुर्मानाचा प्रश्न

याहून मूलभूत प्रश्न माहितीच्या आयुष्याचा आहे. ऑब्जेक्ट डेटाबेसच्या फाइलमधील माहिती क्लासच्या व्याख्येशी बांधलेली असते. पायथन भाषेतील झेडओडीबी या डेटाबेसमध्येही क्लासचा कोड हरवल्यास साठवलेला ऑब्जेक्ट पूर्ववत उभा राहत नाही. प्रोग्राम बदलला की जुनी माहिती वाचणे अवघड होते. डेटाबेसचाच विकास थांबला, तर अडचण दुणावते.

डीबीफोरओच्या बाबतीत हेच घडले. २००८ मध्ये व्हर्संट कंपनीने तो विकत घेतला. पुढे व्हर्संट कंपनी अ‍ॅक्टियनकडे गेली आणि या डेटाबेसचा अधिकृत विकास थांबला. त्याचा मूळ कोड खुला होता. परंतु कोड खुला असणे आणि तो सांभाळणारे हात असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याउलट २००० साली सुरू झालेला एसक्यूलाइट हा एम्बेडेड रिलेशनल डेटाबेस आहे. त्यात ऑब्जेक्ट आणि टेबल यांतील भाषांतर टळत नाही. मात्र त्याच्या तिसऱ्या आवृत्तीची, म्हणजे २००४ पासूनची फाइल-रचना जाहीर आहे आणि ती मागील आवृत्त्यांशी सुसंगत ठेवण्यात आली आहे. शिवाय ही फाइल मूळ प्रोग्रामवाचूनही इतर साधनांनी उघडता येते. किमान २०५० पर्यंत पाठबळ देण्याचा मनोदय त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केला आहे.

निष्कर्ष

डेटाबेस निवडताना माहिती आत घालणे किती सोपे, एवढेच पाहिले जाते. ती प्रोग्रामवाचून बाहेर काढता येईल का, हा निकष त्याआधी लावला पाहिजे. माहिती अल्पकालीन असेल किंवा तिचे परस्परसंबंध अतिशय गुंतागुंतीचे असतील, तेथे ऑब्जेक्ट डेटाबेस आजही योग्य ठरू शकतो. अशा वेळीही साध्या मजकुराच्या स्वरूपात नियमित प्रत काढणे आणि ती पुन्हा वाचता येते याची खात्री करणे आवश्यक आहे. प्रकल्प लहान असला, तरी त्यातील सभासदांच्या, रुग्णांच्या वा विद्यार्थ्यांच्या नोंदी लहान नसतात. प्रोग्राम कालबाह्य झाल्यावरही त्यांची गरज उरतेच.